रिपोर्ट हाती आल्यावर

यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या गावांत तोंडाच्या कॅन्सरची गोष्ट बहुतेक वेळा खर्र्यापाशी सुरू होते. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून गालात धरायचा, तोही दिवसभर. ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो’ म्हणणारे भेटतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलं. तिच्यामुळे गालाची आतली त्वचा टणक होते, मग तोंड उघडेनासं होतं.

तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला छाला तपासायलाच हवा. पण गावात आधी ऐकू येतं, “सुई लावू देऊ नको, पसरते!” बायोप्सीत जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. त्याने हा आजार पसरत नाही. मात्र माणूस येतोच गाठ वाढल्यावर, त्यामुळे तपासणीनंतर महिन्याभरात तब्येत ढासळली की दोष सुईवर जातो. ते ऐकून गावातला पुढचा माणूस आणखी उशिरा येतो, याचं फार वाईट वाटतं.

नातेवाइकांचा दुसरा प्रश्न रास्त असतो: गाठ गालात, मग मान कशाला कापता? मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, मानेत गाठ हाताला न लागणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात मानेतल्या लसिका ग्रंथी, म्हणजे तोंडाचा कॅन्सर आधी जिथे पसरतो त्या बारीक गाठी, तोंडाच्या ऑपरेशनसोबतच काढल्या. दुसऱ्यात मानेत आजार दिसेपर्यंत थांबले. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंतचे दिवस रिकामे समजू नका. पहिलं काम दातांचं. शेक, म्हणजे रेडिएशन, घेतल्यावर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दात काढला तर जखम भरत नाही, हाड सडू शकतं. म्हणून किडलेले दात आधीच काढून हिरडी भरायला दोन आठवडे द्यावे लागतात.

‘आता होऊनच गेला, खाऊ द्या खर्रा’ हे प्रेमापोटी म्हणतात, पण ते घातक आहे. गाल किंवा जबडा काढल्यावर मांडीचं, छातीचं मांस, कधी पायाचं हाड तिथे बसवतात. तो तुकडा बारीक रक्तवाहिन्यांवर जगतो आणि निकोटिनने त्याच आकसतात.

तोंड दुखतं म्हणून माणूस चहा-बिस्किटावर येतो. त्याला मऊ खिचडी, दूध, अंडं, शेंगदाण्याचा बारीक कूट घालून ज्वारीची आंबील द्या. गिळवत नसेल तर नाकातून नळी घालतात. नळी लागली म्हणजे संपलं असं समजून घरात रडारड होते, पण बहुतेकांची ती पुढे निघते. वजन टिकवण्याला आणखी एक कारण आहे. शेक देताना डोकं हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा बनवतात. रुग्ण वाळला की तो ढिला पडतो, नेम हुकण्याचा धोका वाढतो आणि नवा मुखवटा करावा लागतो.

शेक आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा ते साडेसहा आठवडे चालतो. कापसाच्या वेचणीसाठी मध्येच गावी गेलं की त्या खंडात कॅन्सरच्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. म्हणून वावर कोण पाहील, ढोरांचं कोण करील, नागपुरात किंवा सेवाग्रामला राहायचं कुठे, हे आधीच ठरवा. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेचं काम तिथूनच सुरू होतं. एवढं करूनही ताप आला, एसटी चुकली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गरज पडली तर एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा शेक देऊन चुकलेला दिवस भरून काढता येतो.