सोलापुरातला ‘सेटलमेंट’ हा शब्द आणि चर्चची वस्तीतली केंद्रं

सोलापुरात रिक्षात बसून ‘सेटलमेंट’ म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. तो पत्ता आहे. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ म्हटलं तर आणखी नेमका पत्ता. शहराबाहेरून समाजकार्य शिकून आलेला एखादा तरुण मात्र हाच शब्द वेगळ्या अर्थानं उच्चारतो. त्याच्या पुस्तकात ‘सेटलमेंट’ म्हणजे गरीब वस्तीत जाऊन राहणाऱ्या सुशिक्षितांनी उघडलेलं शेजारघर. तिथे वाचनालय असतं, मुलांचे खेळ असतात, संध्याकाळचे वर्ग असतात. चर्चच्या आवारात आज चालणाऱ्या वस्ती-केंद्रांचा इतिहास सांगायचा, तर या दोन अर्थांतला गुंता आधी सोडवावा लागतो. ही केंद्रं दुसऱ्या अर्थाची आहेत, आणि उभी मात्र पहिल्या अर्थाच्या शहरात आहेत.

केंद्रात काय चालतं हे वस्तीला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. दुपारी शिवणक्लास, संध्याकाळी अभ्यासिका, शनिवारी महिलांची बैठक, अधूनमधून डोळ्यांची तपासणी, जूनमध्ये वह्या-दप्तरं, आणि वर्षभर दाखल्यांसाठीची धावपळ. रविवारची उपासना आणि शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा धर्मवर्ग) हा मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा भाग. सेंटरचं वेळापत्रक त्याहून वेगळं, आणि तिथे येणारी बहुतेक घरं मंडळीतली नसतात.

सुरुवातीचा काळ भराभर ओलांडता येतो. 1860 साली रेल्वे सोलापुरात पोचली आणि त्याच दशकात अहमदनगरकडून अमेरिकन मिशनचं, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या संस्थेचं काम इथे आलं. शाळा, गावोगावचे शिक्षक, घरोघर जाणाऱ्या बायबल-बाया असा तो परिचित क्रम. 1876 ते 1878 चा आणि पुन्हा 1899-1900 चा दुष्काळ पडला, तेव्हा अनाथ मुलांची वसतिगृहं हे मिशनच्या कामाचं केंद्र बनलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालवाडी आणि बालवाडीच्या शिक्षिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. इतक्या लहान मुलांना गाणी आणि खेळ यांतून शिकवण्याची कल्पना तेव्हा महाराष्ट्रात फार ठिकाणी पोचलेली नव्हती, आणि सोलापूर त्यात पुढे होतं, हे अभिमानानं सांगावं असं आहे.

खरा वाद पुढे आहे.

1877 साली सोलापुरात ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली. शतक संपता संपता आणि नंतरच्या दशकात आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांना माणसं हवी होती. सरकारला दुसरीच माणसं एका जागी बसवायची होती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. 1911 च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातही सरकारच्या हाती मोठे अधिकार आले. बोटांचे ठसे घ्यायचे, नावं नोंदवायची, हजेरी लावायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडू द्यायची नाही, आणि पूर्ण जमातच्या जमात वसाहतीत आणून बसवायची. कैकाडी, पारधी, मांग गारुडी, टकारी, कंजारभाट, भामटे अशा जमातींची कुटुंबं सोलापूरच्या वसाहतीत आली. दिवसा गिरणीत काम, रात्री वसाहतीच्या तारेच्या कुंपणाआत हजेरी. चांगल्या वर्तनाचा शिक्का मिळालेल्यांना तारेबाहेर राहण्याची सवलत मिळे, आणि त्या बाहेरच्या वस्तीचं नाव पडलं फ्री कॉलनी. ‘फ्री’ हा शब्द कुणाच्या घराच्या पत्त्यात येण्यासाठी आधी काय असावं लागतं, हे यावरून कळतं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारनं या वसाहतीचा कारभार मिशनकडे सोपवला, आणि मिशननं तो घेतला.

या निर्णयावर मतं दोन आहेत, आणि दोन्ही ऐकण्याजोगी आहेत. घेण्याच्या बाजूचं म्हणणं असं: तार तशीही राहणारच होती. आत पोलिसांचं राज्य असावं की शिक्षकाचं, एवढाच प्रश्न मिशनच्या हातात होता. मिशन आल्यावर शाळा आली, दवाखाना आला, हस्तकला आली, बायकांची बैठक आली. दंडुक्याऐवजी समजावणी आली. अशा जागेपासून हात झटकले असते तर आतल्या मुलांचं काय झालं असतं?

विरोधी म्हणणं मला अधिक पटतं आणि ते लपवण्याचं कारण नाही. तारेच्या आत शाळा उघडली की ती तार शाळेचा भाग होते. त्याच 1911 च्या कायद्यात नोंदलेल्या जमातींची मुलं आईबापांपासून वेगळी करून सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद होती. म्हणजे शिक्षण आणि ताटातूट एकाच कलमात बांधलेली होती. जिथे आई नकार देऊ शकत नाही तिथे पोराला मिळालेलं पुस्तक दान आहे की हुकूम, हे त्या आईला विचारायला हवं होतं. शिवाय गिरणीचा हिशेब होताच. सुटीच्या दिवशीही हजेरीसाठी परत येणारा कामगार गिरणीमालकाला आवडणारच. संप करून तो कुठे जाणार होता? मे 1930 मध्ये या शहरानं लष्करी कायदा पाहिला, आणि जानेवारी 1931 मध्ये शहरातले चौघे फासावर गेले. अशा गावात सरकारची किल्ली ज्यांच्या कमरेला, त्यांच्याकडे लोक कोणत्या नजरेनं पाहत असतील, याची कल्पना करता येते.

मिशनमधल्या माणसांचा हेतू वाईट होता असं माझं म्हणणं नाही. बऱ्याच जणांनी आयुष्यं दिली. पण हेतूनं तार वितळत नाही. आजच्या केंद्रांत काम करणाऱ्यांनी हे स्वतःशी स्पष्ट करून घेणं गरजेचं आहे, कारण वस्तीतल्या वयस्क माणसांना ते न सांगता माहीत आहे.

आता शब्दाचा दुसरा अर्थ. 1884 साली पूर्व लंडनमधल्या एका पाळकानं आणि त्याच्या पत्नीनं विद्यापीठातल्या तरुणांना गरीब वस्तीत राहायला आणलं, आणि टॉयन्बी हॉल उभा राहिला. 1889 साली शिकागोत हल हाऊस सुरू झालं. या घरांना तिकडे ‘सेटलमेंट’ म्हणत, कारण येणारा तिथे वस्तीला येई. मदत देऊन परत जाणं नाही, शेजारी होणं. याच विचारातून 1926 च्या सुमारास मुंबईत नागपाड्याला एक शेजारघर उभं राहिलं. वाचनालय, खेळ, दवाखाना, गिरणी आणि गोदी कामगारांची मुलं. ते चालवणारं मिशन तेच होतं, जे त्याच पिढीत सोलापुरात तारेआडची वसाहत सांभाळत होतं. नागपाड्याच्या कामातून 1936 साली देशातलं समाजकार्याचं पहिलं उच्चशिक्षणाचं विद्यालय उभं राहिलं, आणि त्याची धुरा त्याच शेजारघराच्या प्रमुखांकडे आली.

एकाच मिशननं एका शहरात दार उघडं ठेवलं आणि दुसऱ्या शहरात फाटकावर हजेरी घेतली. नागपाड्याचा अनुभव महाविद्यालयात शिकवला गेला. सोलापूरचा अनुभव वस्तीच्या आठवणीत राहिला. म्हणून समाजकार्याच्या पुस्तकात ‘सेटलमेंट’ हा गोड शब्द आहे आणि सोलापुरात तो अजून बोचतो. मध्यंतरी एका अभ्यासिकेच्या फलकावर ‘सेटलमेंट सेंटर’ लिहावं अशी सूचना एका उत्साही कार्यकर्त्यानं केली, तेव्हा बैठकीतल्या दोन आज्या उठून निघून गेल्या. नाव पुढे आलं नाही.

31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून गेला. त्या जमाती विमुक्त झाल्या, आणि तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला तरी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिस चौकीतली नजर लगेच बदलली नाही. मिशनऱ्यांची पिढीही ओसरत गेली. आवारं, शाळा, बंगले ट्रस्टांच्या आणि मंडळ्यांच्या हाती आले. 1970 साली नागपुरात उत्तर भारतातल्या सहा चर्चपरंपरा एकत्र आल्या, तेव्हा घटना बदलल्या, शिक्के बदलले. वस्तीतल्या कामाला त्यानं फारसा फरक पडला नाही.

फरक पडला तो गिरण्या बंद झाल्यानं. जुनी गिरणी 1963 मध्ये बंद पडली आणि पुढच्या चार दशकांत बाकीच्या. भोंग्यावर चालणारं शहर यंत्रमागावर आणि बिडीवर आलं. पूर्व भागात घराघरात माग बसले. पुढच्या खोलीत खडखडाट, मागच्या खोलीत चूल, आणि मधे कांड्या भरणारी बाई. बिडी करणाऱ्या घरात सुपात पान आणि तंबाखू, हजाराच्या हिशेबानं मजुरी, आणि कारखान्यात छाट (नापास ठरवून बाजूला काढलेल्या बिड्या) निघाली की ती मेहनत पाण्यात. अशा घरात दहावीचं पोर कुठे बसून अभ्यास करणार? अभ्यासिका हा केंद्राचा सगळ्यात टिकाऊ उपक्रम ठरला तो याच कारणानं. तिथे पोरांना शिकवणीपेक्षा शांत टेबल आणि रात्री दहापर्यंत दिवा अधिक उपयोगी पडला.

केंद्रांची भाषाही याच काळात बदलली. आधी उपासनेची मराठी होती. मग तेलुगू बोलणाऱ्या आया, कन्नड बोलणाऱ्या आज्या, उर्दू शाळेतल्या मुली आल्या. शिवणक्लासच्या बाईंना ‘काजं’ आणि ‘तुरपाई’ चार भाषांत सांगता येणं ही सोलापूरची खरी पात्रता.

बालवाडीचं महत्त्व मात्र कमी झालं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या पसरत गेल्या. मोफत खाऊ आणि लसीकरण जिथे, तिथे मुलं जाणं बरोबरच होतं. काही ठिकाणी चर्चच्या बालवाडीचा हॉल दुपारच्या पाळणाघराला दिला गेला. बिडी कामगार बायकांना त्याची गरज अधिक होती, कारण तंबाखूच्या धुळीत झोपलेलं मूल ही त्यांची रोजची चिंता.

मार्च 2020 मध्ये माग थांबले, बिडीचे कारखाने थांबले, मजुरी थांबली. उपासनेचा हॉल धान्याच्या पोत्यांनी भरला. शिधा वाटताना यादी करायची वेळ आली तेव्हा जुनाच प्रश्न नव्यानं आला: वाटपाची रांग लावायची, नावं पुकारायची, सही-अंगठा घ्यायचा? देणगीदाराला हिशेब हवा असतो, हे खरं. पण या वस्तीत अंगठ्याला इतिहास आहे. काही केंद्रांनी पोती घरपोच दिली आणि नोंद स्वयंसेवकानं स्वतः केली. वेळ जास्त लागला, तरी माझ्या मते ते योग्य झालं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. नोंदणी असलेल्या एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी पुढे देण्यावर बंदी आली, कार्यालयीन खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, आणि सगळ्यांना खातं दिल्लीतल्या एकाच शाखेत उघडावं लागलं. वरच्या संस्थेकडून थोडंथोडं मिळणाऱ्या लहान केंद्रांना याचा फटका बसला. शिक्षिकेचं मानधन कुठून द्यायचं? बरीच केंद्रं आज मंडळीच्या दानावर, उपकारस्मरणाच्या सणाच्या लिलावावर आणि शिवणक्लासच्या नाममात्र फीवर चालतात. यात एक चांगलं झालं. हिशेब विचारणारा माणूस आता समोरच्या बाकावर बसलेला असतो.

दाखल्यांच्या टेबलाबद्दल थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण सगळा इतिहास तिथे येऊन बसतो. दलित ख्रिस्ती कुटुंबाला अनुसूचित जाती ठरवणाऱ्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे एकाच घरात कागदावरचं नाव एक आणि मंडळीच्या नोंदवहीतलं नाव दुसरं असण्याची वेळ येते, आणि टेबलावर बसलेल्याला कुणालाही न दुखावता खरं तेच सांगावं लागतं.

विमुक्त जातींचा पेच वेगळा. त्यांना दाखला मिळतो, शिक्षण-नोकरीत 3 टक्के आरक्षणही आहे. पण 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. जमीन नाही, सातबारा नाही, आजोबा कधी एका गावी टिकले नाहीत. मग पुरावा कुठला? वसाहतीच्या काळातल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात आजोबांचं नाव, जात आणि जन्मतारीख लिहिलेली सापडते. ज्या काळात नाव नोंदवलं जाणं हीच शिक्षा होती, त्या काळाचा तोच उतारा आता नातीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला लागतो.

केंद्रातली तरुण मुलं म्हणून दर बुधवारी जुन्या शाळांच्या कार्यालयात बसून निर्गम उतारे (शाळा सोडल्याच्या नोंदींचे उतारे) शोधतात. शाई पुसट झालेली असते, नावं तीन तऱ्हांनी लिहिलेली असतात, ‘कैकाडी’च्या जागी कधी नुसतं ‘सेटलमेंट’ असं टाकलेलं असतं. तसं असलं तर दाखला अडतो, आणि मग आत्याचा, चुलत्याचा, दुसऱ्या भावाचा उतारा काढून वंशावळ जुळवावी लागते. एका घरासाठी चार-पाच फेऱ्या सहज होतात. येताना रेशनकार्ड, आधार आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची आठवण सोबत आणावी, असं दारावर लिहून ठेवलं आहे.