सुई टोचल्याने स्तनातली गाठ पसरत नाही
‘गाठीला सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो’ हा समज घरोघरी अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे आणि स्तनाच्या लिम्फोमात, म्हणजे स्तनात होणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगात, तर फारच महागात पडतो. स्तनाच्या कर्करोगांत १ टक्क्याहूनही कमी आढळणारा हा आजार मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रे तपासणीत) कधी नेहमीच्या कर्करोगासारखा, तर कधी साध्या निरुपद्रवी गाठीसारखा दिसतो. त्यामुळे जाड सुईने काढलेला, शेवईच्या तुकड्याएवढा नमुना तपासून, त्यातल्या पेशींवर सीडी-२० सारखी प्रथिने आहेत का हे पाहिल्यावरच निदान पक्के होते. बायोप्सी टाळून थेट शस्त्रक्रियेचा आग्रह धरणाऱ्या कुटुंबांना कळकळीने सांगावेसे वाटते, की या आजाराचा मुख्य उपचार केमोथेरपी आहे आणि त्यासाठी स्तन काढण्याची सहसा गरजच नसते.