पार्श्वभूमी : भिंतीवरचा उजेड आणि ‘विद्रूपीकरण’

ठाणे जिल्ह्याला उजेडाचे खेळ नवे नाहीत. १८९०च्या दशकात कल्याणच्या एका कुटुंबाने रंगवलेल्या काचा कंदिलापुढे हलवून पडद्यावर पुराणकथा दाखवल्या आणि त्या खेळाला ‘शांबरिक खरोलिका’ असं भारदस्त नाव दिलं. पण तो पडदा त्यांचा स्वतःचा होता. भांडण लागतं ते भिंत दुसऱ्याची असली की. प्रोजेक्टरने तिच्यावर नुसती चित्रं किंवा अक्षरं टाकली, तर ते विद्रूपीकरण ठरतं का?

१९८५ साली लंडनच्या ट्राफल्गर चौकात एका पोलिश कलाकाराला मधल्या स्तंभावर चित्रं टाकायची रीतसर परवानगी मिळाली होती. त्याने प्रोजेक्टर बाजूला वळवला आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीच्या माथ्यावर स्वस्तिक उमटवलं (आपल्या उंबऱ्यावरचं नव्हे, नाझींचं). साधारण दोन तासांनी पोलिसांनी ते बंद पाडलं. कारण दिलं सार्वजनिक उपद्रवाचं. न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली एका संग्रहालयाच्या दर्शनी भागावर देणगीदाराविरुद्ध मजकूर टाकणाऱ्यांना अटक झाली, ती बेकायदा जाहिरात चिकटवल्याबद्दल! चिकटवलं काय, तर उजेड. तो आरोप पुढे टिकला नाही.

आपल्याकडे हा घोळ एका शब्दात आहे. १९९५च्या राज्याच्या कायद्यात विद्रूपीकरण म्हणजे नुसती मोडतोड नाही. दिसण्याला, शोभेला बाध आणणंही त्यात येतं. रंग खरवडावा लागतो, पोस्टर फाडावं लागतं. प्रोजेक्टर बंद केला की भिंत होती तशी. मग बाध कशाला आला? शोभेला की कुणाच्या अब्रूला? वाढदिवसाचे फ्लेक्स चौकाचौकांत लटकत असतात, तेव्हा शोभेची एवढी काळजी दिसत नाही.

पुसायला उजेडही चालतो. चिलीची राजधानी सँटियागोमध्ये मे २०२०च्या टाळेबंदीत एका मनोऱ्यावर ‘भूक’ हा शब्द झळकला. पुढच्या दिवशी त्याच मनोऱ्यावर ‘माणुसकी’ लिहिलं, तर कुणीतरी खाली गाडी उभी करून प्रखर पांढरे झोत सोडले आणि अक्षरं धुऊन टाकली.

वाशी-बेलापूरच्या काचेच्या इमारती या कामाला फारशा उपयोगाच्या नाहीत. काचेतून उजेड आत निघून जातो, उरलेला भलतीकडे परततो. अक्षर धरायला फिकट, खरबरीत गिलावा लागतो, समोर गाडी लावायला जागा लागते आणि रस्त्यावरचे दिवे जरा लांब असावे लागतात. अशी लांबरुंद कोरी भिंत शहरात बहुतेक करून सरकारीच सापडते.