रेंज फुल, तरी नेट अडकतं

सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या जाड भिंती असोत की बाणेरच्या टॉवरमधलं काँक्रीट, एका राऊटरने भागत नाही म्हणून घरात मेश येतं, म्हणजे एकच वायफाय पसरवणारे अनेक डबे (नोड). मग वायफायच्या दोन बँडना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) दोन नावं दिली जातात, ५ गिगाहर्ट्झवाल्याच्या शेपटाला '५जी' लावून. (मोबाइलच्या ५जीशी त्याचा काडीचाही संबंध नाही.) आणि तक्रार सुरू होते: हॉलमध्ये नेट सुसाट, बेडरूममध्ये मीटिंग अडकते.

कुठल्या नोडला जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो. राऊटर फार तर सुचवतो. आयफोन सिग्नल -७० डीबीएमखाली (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार) घसरला की दुसरा नोड शोधू लागतो, पण त्याच नावाचा. ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीत २.४ पेक्षा जास्त शोषली जाते. नावं वेगळी असली की '५जी'वरचा फोन भिंतीपलीकडे गेल्यावरही बहुतेक वेळा तेच मरतुकडं कनेक्शन धरून बसतो.

बिघाड शोधताना मात्र हीच वेगळी नावं कामाला येतात. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप घ्या. त्यात नाव एकच असलं तरी प्रत्येक नोडचा बारा अक्षरी पत्ता वेगळा दिसतो, म्हणजे फोन नेमका कुणाला चिकटलाय ते कळतं. मुख्य नोडशेजारी '५जी'वर स्पीड मोजा, मग दुसऱ्या नोडशेजारी. तिथे सिग्नल -५० च्या आसपास आणि स्पीड मात्र पाव भाग? मग फोनला दोष देऊ नका. रेंजच्या दांड्या फोन ते नोड एवढंच अंतर सांगतात. नोड ते नोड दुवा कच्चा आहे. नोड नेट न येणाऱ्या खोलीत ठेवायचा नसतो, त्याच्या अलीकडे, अर्ध्या वाटेवर ठेवायचा. तरीही दोन बँडचा नोड एकाच रेडिओवर घेतो आणि पुढे देतो, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो. सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे पाइपातून नोड ते नोड कॅट ६ नेटवर्क वायर ओढणं. वायर टाकूनही स्पीड ९४-९५ एमबीपीएसवर अडला, तर कनेक्टरमधली तारांची एखादी जोडी तुटलेली असण्याची शक्यता मोठी.

नेटवाल्याच्या डब्याचं स्वतःचं वायफाय चालू असेल तर ते आधी बंद करा. तो डबा ब्रिज मोडवर टाका (मग तो नेट फक्त पुढे देतो) किंवा मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर (मग ते फक्त वायफाय देतं). दोघांनी राऊटरचं काम केलं की कॅमेरे आणि गेम रुसतात.

प्रत्येक बँडचे चॅनेल, म्हणजे छोटे पट्टे असतात. २.४ वर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६, ११ पैकीच चॅनेल घ्या. सोसायटीत शेजारच्यांची गर्दी तिथेच असते, पण मधले चॅनेल दोन्हीकडून मार खातात. ५ वर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ घ्या. ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घ्यावे लागतात: रडारची चाहूल लागली की राऊटर चॅनेल सोडतो, आणि त्या पट्ट्यातल्या नव्या चॅनेलवर निदान मिनिटभर ऐकल्याशिवाय बोलत नाही.

तपास झाला की दोन्ही बँडना एकच नाव, एकच पासवर्ड, एकच सुरक्षा प्रकार द्या. स्मार्ट बल्ब आणि प्लगना बहुधा २.४ च कळतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना डब्ल्यूपीए३ हा वायफायचा नवा सुरक्षा प्रकार झेपत नाही. त्यांच्यासाठी आधीच्या डब्ल्यूपीए२ वर वेगळं नाव ठेवा. जुनी '५जी' नावं प्रत्येक फोन, टीव्ही आणि लॅपटॉपमधून 'फर्गेट' करायला विसरू नका. एखाद्या कोपऱ्यातल्या नोडवर ते नाव चालू राहिलं असेल, तर फोन पुन्हा तिथेच जाऊन बसतो.