लिटल इव्हिल : सावत्र बापाचा भयविनोदी चित्रपट आणि त्यातील प्रतिनिधित्व

ईलाय क्रेग यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा अमेरिकन भयविनोदी चित्रपट सप्टेंबर २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. गॅरी (अ‍ॅडम स्कॉट) समँथाशी (इव्हँजेलिन लिली) लग्न करतो. तिला आधीचा एक लहान मुलगा आहे, लुकास. लुकास फारसा बोलत नाही, मोठ्या माणसासारखा कोट घालतो, हातात बोकडाची बाहुली बाळगतो आणि त्याच्या आसपास माणसे विचित्र रीतीने मरतात. पोरगा सैतानाचा तर नाही ना, अशी शंका गॅरीला छळू लागते.

लोककथांमध्ये छळवादाचा मक्ता सहसा सावत्र आईकडे असतो. हॉलिवूडने तो सावत्र बापालाही दिला. १९८७ च्या ‘द स्टेपफादर’मध्ये तोच खुनी आहे. इथे मात्र घाबरलेला माणूस बाप आहे. चित्रपट उघडपणे १९७६ च्या ‘द ओमेन’ या भयपटाची टर उडवतो. त्यातही मुलगा बापाच्या रक्ताचा नसतो आणि शेवटी बाप त्याच्यावर सुरा उगारतो. गॅरीही त्या टोकापर्यंत जातो, पण मागे फिरतो आणि मुलाला आपला म्हणतो. जन्मावरून वाईट ठरवलेल्या मुलाला कोणी जवळ करायचे, हा या गमतीजमतीखालचा खरा प्रश्न आहे.

प्रतिनिधित्वाच्या, म्हणजे पडद्यावर कोणकोणत्या माणसांना जागा मिळते या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पात्र म्हणजे गॅरीची कामावरची सहकारी, अ‍ॅल. ही भूमिका ब्रिजेट एव्हरेट या अभिनेत्रीने केली आहे. अ‍ॅलचे कपडे, चालणे, बोलणे सगळे पुरुषी वळणाचे. घरातले स्थान सावत्र बापाचे. सावत्र बापांच्या आधारगटात सगळे आपापल्या पोरांच्या कागाळ्या मांडतात, तिथे अ‍ॅलही बसते आणि त्याच हक्काने बोलते. ‘तू इथे कशी?’ असा सवाल तिथे उभा राहत नाही. बायकोच्या मुलाला वाढवणे, एवढीच त्या खोलीत बसायची पात्रता. अ‍ॅलच्या लिंगभावाची ओळख करून देण्यासाठी वेगळे भाषण किंवा दुःखद पूर्वेतिहास जोडलेला नाही. विनोद अ‍ॅलच्या आडदांड सल्ल्यांवर आणि आगाऊपणावर होतो, आणि याच कारणाने हे पात्र इतके मोकळे वाटते. गॅरीचा सर्वांत भरवशाचा सोबतीही अ‍ॅलच. एव्हरेट यांना पुढे एचबीओच्या ‘समबडी समव्हेअर’ (२०२२–२४) या मालिकेत मुख्य भूमिका मिळाली.

त्याच गटात डोनाल्ड फेसन हे कृष्णवर्णीय अभिनेते आहेत, पण त्यांच्या वाट्याला मोजके संवाद येतात. ब्रॅड विल्यम्स हे ठेंगणेपणा असलेले विनोदवीर सैतानाचा माग काढणाऱ्या जाणकाराच्या भूमिकेत दिसतात. छोटीच, तरी अधिकाराची जागा. बालकल्याण खात्याची अधिकारी सॅली फील्ड यांनी साकारली आहे. त्या दिग्दर्शकाच्या आई. मध्यवर्ती कुटुंब मात्र गोरे आणि सुखवस्तूच आहे.

सर्वांत मोठी उणीव समँथाच्या पात्रात आहे. एका पंथाच्या कह्यात असताना तिला हे मूल झाले. एवढी भयंकर पार्श्वभूमी देऊनही चित्रपट तिला बहुतेक वेळ ‘माझा सोन्यासारखा मुलगा’ एवढ्याच एका सुरात ठेवतो. सावत्र बापाच्या मनातली घालमेल दृश्यामागून दृश्य उलगडत जाते. मुलाच्या आणि नव्या नवऱ्याच्या मध्ये उभ्या असलेल्या आईला काय वाटते, यासाठी कथेत जवळपास जागाच ठेवलेली नाही.