वटवाघूळ तोंडानंच हगतं? अजिबात नाही

सांगली-साताऱ्याकडं हे लहानपणापासून ऐकत आलोय, वटवाघळाला गुदद्वारच नसतं म्हणे, तोंडानंच खातं आणि तोंडानंच हगतं, आणि अजूनही शिकली सवरलेली माणसं हे ठासून सांगतात. तर तसं काही नाहीये. फळं खाणारं वटवाघूळ पेरू, उंबर, जांभूळ तोंडात चावून टाळूवर दाबतं, रस गिळतं आणि चोथा थुंकून देतं. सकाळी अंगणात जे चपटे गोळे पडलेले दिसतात ना, ते बहुतेक हेच, ऊस चघळून चोयट्या टाकतो तसं. बाकी विधी रीतसर मागूनच होतो, आणि त्यासाठी मोठी वटवाघळं अंगठ्याच्या नखांनी फांदी धरून सरळ होतात, म्हणजे अंगावर पडत नाही. संध्याकाळी वडाखाली थांबून बघा एकदा, मजा येते (छत्री न्या मात्र).

कौलांच्या फटीतली छोटी वटवाघळं फळं खातच नाहीत, ती डास, पतंग, किडे खातात. त्यांची लेंडी दिसायला उंदरासारखी, पण वाळल्यावर बोटांनी चुरगळली तर भुगा होतो आणि आत किड्यांच्या पंखांचे तुकडे चमकतात. हातमोजे घालूनच हं, आणि तोंडाला मास्क.

उष्टी फळं खाऊ नका आणि वटवाघूळ उघड्या हातानं धरू नका, २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या काही वटवाघळांत निपाह या विषाणूच्या अँटीबॉडी (म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण) सापडल्या होत्या, रेबीजचीही भीती असतेच. चावलं, ओरखडलं तर साबणानं धुवून लगेच डॉक्टर. लांबून बघायला मात्र काही हरकत नाही.