हुकावरच्या आकड्यामागची गोष्ट

कारखान्यात ईओटी क्रेनखाली, म्हणजे छताजवळच्या गर्डरवर विजेनं चालणाऱ्या क्रेनखाली, उभं राहून वर पाहिलं की गर्डरवर ठळक अक्षरांत '१० टन' असं काहीसं रंगवलेलं दिसतं. चेनपुलीच्या हुकाजवळ छोटी पट्टी असते. तिच्यावर एसडब्ल्यूएल, म्हणजे सुरक्षित भार, आणि एक नंबर. त्याशेजारी हल्ली एक लेबल चिकटवलेलं असतं: तपासणी कधी झाली, पुढची कधी. ही दोन्ही माहिती जोडीनं जन्मली असं वाटतं, पण आकडा आधीचा आहे आणि तारीख बरीच नंतरची.

मूळ दुखणं साखळीचं. एकोणिसाव्या शतकात वजन उचलायचं ते लोखंडी साखळीनं, आणि साखळी तुटताना आगाऊ सूचना देत नाही. एक कडी गेली की सगळं खाली. जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींत याच अनुभवाला कंटाळून विल्हेल्म अल्बर्ट यांनी १८३४ साली तारेचा दोर वापरात आणला. त्यातल्या तारा एकेक करून तुटतात आणि डोळ्यांना दिसतात. ब्रिटननं १८६४मध्ये जहाजांचे नांगर आणि त्यांच्या साखळ्या विकण्याआधी ताण देऊन तपासण्याचा कायदा केला. पण ती विक्रीपूर्वीची परीक्षा. वापरून थकलेल्या साखळीचं काय, हा प्रश्न उरलाच.

त्याचं उत्तर गोदीतून आलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा गोदी कामगारांच्या अपघातांविषयीचा १९३२चा करार आजही वाचण्यासारखा आहे. साडेबारा मिलिमीटर आणि त्याहून बारीक, नेहमीच्या वापरातल्या साखळ्या दर सहा महिन्यांनी, बाकीच्या वर्षातून एकदा भट्टीत तापवून सावकाश थंड करायच्या, कारण धक्के खाऊन लोखंड ठिसूळ होतं. आज सहामाही आणि वार्षिक तपासण्या आपण निमूटपणे पाळतो, त्यांच्यामागे ही जुनी भट्टी असावी असं मला वाटतं. त्याच करारात आपल्या पट्टीचीही मुळं आहेत: साखळीच्या स्लिंगचा, म्हणजे माल बांधून हुकाला अडकवायच्या फासाचा, सुरक्षित भार स्लिंगवरच, किंवा तिला पक्क्या जोडलेल्या टिकाऊ पट्टीवर वा कडीवर, स्पष्ट लिहायचा. तारेच्या स्लिंगसाठी सहज वाचता येईल असा फलक लावलेलाही चालेल. म्हणजे माहिती साहेबाच्या टेबलावर नव्हे, हुक अडकवणाऱ्या खलाशाच्या नजरेसमोर हवी.

आपल्याकडे या करारासाठी १९३४चा गोदी कामगार कायदा झाला, त्याचे विनियम मात्र १९४८मध्ये आले. त्याच वर्षीच्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९नं साधारण तोच साचा कारखान्यांत आणला. सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी, तिची नोंदवही, उपकरणावर सुरक्षित भार आणि ओळखखूण, आणि ते शक्य नसेल तर ठळक जागी तक्ता. माणसांची आणि मालाची ने-आण करणाऱ्या लिफ्टसाठी कलम २८मध्ये मुदत सहा महिन्यांची होती. तपासणीची तारीख उपकरणावर लिहा, असं मात्र कलम २९ म्हणत नव्हतं. तारीख नोंदवहीत, आणि नोंदवही ऑफिसच्या कपाटात.

ही फट भरून काढली ती कंपन्यांच्या, विशेषतः तेल-वायू आणि मोठ्या बांधकामांच्या शिस्तीनं. ब्रिटनच्या १९९८च्या नियमांनीही थोडा हात दिला: उचलण्याचं उपकरण दुसऱ्याकडे जाताना तपासणीचा प्रत्यक्ष पुरावा त्याच्यासोबत हवा. भाड्याच्या क्रेनच्या धंद्यात ही अट किती मोलाची, हे वेगळं सांगायला नको. २१ नोव्हेंबर २०२५पासून आपल्याकडे कारखाने अधिनियमाची जागा नव्या सुरक्षा संहितेनं घेतली आहे.

पट्टीवरचा आकडाही पूर्ण खरं सांगत नाही. दोन पायांची, म्हणजे एका कडीतून दोन फाटे निघणारी, स्लिंग १२० अंशांपर्यंत फाकली, की प्रत्येक पायावर अख्ख्या मालाइतका ताण येतो. म्हणून चांगल्या पट्टीवर कोनही लिहिलेला असतो. आणि ज्यांना आकडे वाचणं जड जातं, त्यांच्यासाठी अनेक साइटवर रंगांची पद्धत आहे. दर तिमाहीला किंवा सहामाहीला रंग बदलतो, गेटवरच्या फलकावर चालू रंग दाखवलेला असतो, आणि जुन्या रंगाची स्लिंग दिसली की ती बाजूला काढायची. फक्त रंग थेट साखळीवर फासू नये, त्याखाली चीर लपते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आता रंगीत टॅग किंवा प्लास्टिकची पट्टीच बांधतात.